आम्लात होरपळलेली दानाए: एका चित्राच्या बचावाची १२ वर्षं

१५ जून १९८५, शनिवार. लेनिनग्राडच्या हर्मिटेज संग्रहालयात, सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या दालनात सुट्टीची गर्दी होती. जूनचा मध्य म्हणजे त्या शहरात रात्रीही धड अंधार न पडण्याचे दिवस आणि पर्यटकांचा ऐन हंगाम. एका गटाबरोबर आत आलेल्या माणसानं दालनातल्या महिला कर्मचाऱ्यांना विचारलं की इथलं सगळ्यात मौल्यवान चित्र कोणतं? अशा दालनांत हा प्रश्न रोजच विचारला जातो, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. काही क्षणांत 'दानाए' या चित्राच्या मधोमध गंधकाम्ल फेकलं गेलं आणि चाकूचे दोन वारही झाले. एक पोटाच्या खालच्या भागात, दुसरा मांडीवर. रंग फसफसू लागला, त्याचा रंगच पालटू लागला आणि गडद ओघळ चित्रावरून खाली उतरू लागले.

कलाकृतींवर झालेल्या हल्ल्यांची यादी मोठी आहे. तरी मी हे एकच प्रकरण तपशिलात मांडतो आहे, कारण यात हल्ल्यापेक्षा हल्ल्यानंतरचं काम मोठं आहे. हल्ला काही सेकंदांत संपला. त्याला उत्तर द्यायला १२ वर्षं लागली. त्या १२ वर्षांत हर्मिटेजच्या चित्रसंवर्धकांनी घेतलेला सगळ्यात अवघड निर्णय म्हणजे आपला हात कुठे थांबवायचा हा होता, आणि तो त्यांनी बरोबर घेतला असं माझं ठाम मत आहे.

जळलं ते काय होतं

ग्रीक पुराणातली कथा थोडक्यात अशी. आर्गोसचा राजा अक्रिसियस याला भविष्य कळतं की तुझ्या मुलीच्या पोटी जन्मलेला नातू तुझा जीव घेईल. तो मुलीला, दानाएला, कोंडून ठेवतो. देवांचा राजा झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपानं तिच्यापर्यंत पोचतो आणि पर्सियसचा जन्म होतो. कारागृहात देवाचा प्रवेश आणि मामाऐवजी आजोबाच्या वाट्याला येणारं मरण, आपल्याकडच्या वाचकाला ही कथा फार परकी वाटू नये.

हा विषय रेम्ब्रांटच्या आधीही अनेकांनी रंगवला होता. टिशियननं तर एकाहून अधिक वेळा. बहुतेकांच्या चित्रांत आकाशातून सोन्याची नाणी पडताना दिसतात. रेम्ब्रांटच्या चित्रात एकही नाणं नाही. पलंगावर पहुडलेली दानाए आहे, तिनं उजवा हात पुढे उचलला आहे, आणि डावीकडून पडद्याआडून येणारा ऊबदार उजेड तिच्या अंगावर पडला आहे. सोन्याचा पाऊस म्हणजे तो उजेडच. मागे किल्ल्या सांभाळणारी म्हातारी दासी पडद्यापाशी डोकावते आहे. पलंगाच्या वर हात बांधलेला, रडणारा सोनेरी क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव, आहे. नाणी नसल्यामुळे ही नक्की दानाएच आहे का, यावर अभ्यासकांत बराच काळ वाद होता. १९३३ मध्ये एर्विन पानोफ्स्की या कलेतिहासकारानं त्या जखडलेल्या क्युपिडवरून, म्हणजे सक्तीनं लादलेल्या कौमार्याच्या खुणेवरून, ती दानाएच असल्याचं मांडलं आणि ते बहुतेकांना पटलं.

चित्र मोठं आहे, साधारण १८५ बाय २०३ सेंटिमीटर. दानाए जवळजवळ प्रत्यक्ष माणसाच्या आकाराची आहे. तिचं शरीर संगमरवरी पुतळ्यासारखं गुळगुळीत नाही. पोट थोडं सुटलेलं आहे, कातडीवर वजन आहे, मनगटात कडं आहे. कुणाच्या तरी घरातली बाई वाटावी अशी ती दिसते, आणि म्हणूनच ती इतकी लोभस आहे.

चित्रावर १६३६ हे साल आहे. तेव्हा रेम्ब्रांट तिशीत होता, सास्कियाशी लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. पण चित्राची शैली १६४० च्या दशकातली वाटते, आणि हा पेच बरीच वर्षं सुटत नव्हता. हर्मिटेजचे अभ्यासक युरी कुझ्नेत्सोव यांनी क्ष-किरण छायाचित्रांच्या आधारे दाखवून दिलं की रेम्ब्रांटनं हे चित्र आधी एकदा पूर्ण केलं आणि काही वर्षांनी पुन्हा हातात घेऊन त्याचा मधला भाग बदलला. चेहरा बदलला, हाताची ठेवण बदलली. पहिला चेहरा सास्कियाच्या वळणाचा होता. तिच्या मृत्यूनंतर, म्हणजे १६४२ नंतर, त्या जागी आलेला चेहरा घरात मुलाला सांभाळणाऱ्या गेर्त्ये डिर्क्सचा असावा असं मानलं जातं. म्हणजे एकाच स्त्रीच्या आकृतीत एका माणसाच्या आयुष्याची दोन पर्वं एकावर एक रंगवलेली होती. नेमका तोच मधला भाग आम्लाच्या तडाख्यात सापडला.

१७७२ मध्ये सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिननं पॅरिसमधला क्रोझा घराण्याचा संग्रह विकत घेतला, त्यातून हे चित्र रशियात आलं. या व्यवहारात तत्त्वज्ञ दिदेरो यांनी मध्यस्थी केली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी सोव्हिएत संघावर हल्ला केला तेव्हा, लेनिनग्राडला वेढा पडण्याआधीच, हर्मिटेजच्या कर्मचाऱ्यांनी महत्त्वाच्या कलाकृती आगगाडीनं उरलपलीकडे स्वेर्दलोव्स्कला हलवल्या होत्या आणि भिंतींवर रिकाम्या चौकटी तेवढ्या ठेवल्या होत्या. ज्या संग्रहालयानं बॉम्बवर्षावात आपला ठेवा जपला, तिथे शांततेच्या काळात एक माणूस तिकीट काढून आत आला. चित्रापुढे त्या वेळी संरक्षक काच नव्हती.

पहिले काही तास

आम्लानं नेमकं काय केलं हे समजायला तैलचित्र कसं घडतं ते पाहावं लागेल. सगळ्यात खाली ताणून बसवलेलं लिननचं कापड असतं. त्यावर सरस घालून केलेलं अस्तर, ज्याला चित्रकार प्राइमिंग म्हणतात. त्यावर तेलात घोटलेल्या रंगांचे थर, आणि शेवटी पारदर्शक व्हार्निश. लिननचा धागा जवसाच्या खोडाचा आणि रंगातलं तेलही बहुधा जवसाचंच, म्हणजे एकाच झाडापासून आलेल्या दोन वस्तू. अंगकांतीसाठी रेम्ब्रांटच्या काळात शिशाचा सफेदा वापरत.

गंधकाम्ल या प्रत्येक थरावर वेगवेगळा घाव घालतं. शिशाच्या सफेद्याशी त्याची गाठ पडली की कर्बवायू सुटतो आणि मागे शिशाचं सल्फेट उरतं. रंग फसफसतो याचं एक कारण हे. वाळून घट्ट झालेल्या तेलाचा पापुद्रा तुटतो, काळा पडतो. कापडातलं पाणी ओढून घेऊन आम्ल धाग्यांचा कोळसा करतं. शिवाय ही क्रिया आपोआप थांबत नाही. आम्ल फटींतून आत जातं, खाली ओघळतं आणि जिथे पोचेल तिथे काम चालू ठेवतं. हल्लेखोराला पकडलं तरी हल्ला चालूच असतो, तो असा.

मग पाणी टाकायचं की नाही? शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येकानं ऐकलेलं असतं की तीव्र आम्लात पाणी ओतू नये, त्यातून प्रचंड उष्णता निर्माण होते. दुसरीकडे, जुन्या तैलचित्राला पाणी हा शत्रूच. प्राइमिंगमधला सरस फुगतो, कापड आक्रसतं आणि वरचा रंग पापुद्रे धरून सुटू लागतो. चित्रसंवर्धक एरवी कापसाच्या बोळ्यावर थेंबभर ओल घेऊन काम करतात. अशा माणसांनी साडेतीनशे वर्षांच्या रेम्ब्रांटवर पाण्याचा मारा करायचा, हा निर्णय किती जड असेल याची कल्पना करून पाहा. आणि तो तासन्‌तास चर्चा करून घ्यायचा नव्हता. दर मिनिटाला थोडं थोडं चित्र कमी होत होतं.

रसायनतज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला आणि त्याच दिवशी चित्र पाण्यानं धुवायला सुरुवात झाली. धुताना चित्र उभंच ठेवलं होतं. आडवं केलं असतं तर आम्ल मिसळलेलं पाणी खोलगट भागांत साचून कापडात मुरलं असतं. उभं ठेवल्यामुळे ते खाली वाहून गेलं, जरी त्या वाटेत दानाएच्या पायांपर्यंतचा भाग त्याच्या प्रवाहात आला. मला या क्षणाबद्दल फार आदर वाटतो. पाण्यानं नुकसान होणार हे माहीत असूनही ते केलं गेलं, कारण आम्लानं त्याहून मोठं नुकसान होणार होतं.

धुऊन झाल्यावर चित्राची अवस्था काय होती? मधल्या भागात डाग, शिंतोडे आणि ओघळांची एक खिचडी झाली होती. सगळ्यात जास्त मार चेहरा आणि केसांना, उजव्या हाताला आणि पायांना बसला होता. संपूर्ण चित्राचा पाव भागाहून अधिक हिस्सा बाधित झाला होता. हा पाव भाग कडेचा नव्हता. ज्यासाठी लोक या चित्रासमोर थांबत होते तोच तो होता.

यानंतर ओलसर, सुटू पाहणारा रंग जागेवर धरून ठेवायचा होता. रशियन संवर्धकांची यासाठी एक जुनी, भरवशाची रीत आहे. स्टर्जन माशाच्या फुग्यापासून काढलेला सरस घ्यायचा आणि त्यात थोडा मध मिसळायचा. नुसता सरस वाळल्यावर कडक होतो, तडकतो आणि स्वतःबरोबर रंगही उपसतो. मधामुळे त्यात लवचीकपणा राहतो. आयकॉन म्हणजे लाकडी फळ्यांवरची धार्मिक चित्रं जपताना हीच रीत वापरतात. 'दानाए'वरही तोच सरस लावला गेला. चित्र त्या दिवसाच्या नंतर टिकलं याचं श्रेय पाण्याला आणि या सरसाला आहे.

हल्लेखोराबद्दल जेवढं आवश्यक तेवढं

तो लिथुआनियाचा होता. न्यायालयानं त्याला मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवलं आणि मनोरुग्णालयात पाठवलं. त्याच्या कृतीमागे राजकीय राग होता असंही सांगितलं गेलं. लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. पण सोव्हिएत काळात राजकीय विरोधकांना वेडं ठरवून कोंडण्याची पद्धत होती, त्यामुळे तिथल्या निदानावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही आणि एका माणसाच्या दाव्यावरही नाही. हेतूचा निकाल लावण्याचा मोह मी टाळतो. चाकूचे वार कुठे झाले ते पाहिलं की नग्न स्त्रीदेहाबद्दलचा राग त्यात दिसतो, पण तोही अंदाजच.

अशा प्रकरणांत हल्लेखोरावर पानंच्या पानं लिहिली जातात आणि चित्र वाचवणाऱ्यांची नावं तळटीपेत जातात. ती इथे मजकुरात लिहितो. येव्गेनी गेरासिमोव हे गटाचे प्रमुख. त्यांच्याबरोबर अलेक्सांद्र राखमान आणि गेन्नादी शिरोकोव. शास्त्रीय पद्धतीच्या बाजूनं तात्याना अल्योशिना. ही सगळी हर्मिटेजच्या संवर्धन प्रयोगशाळेतली माणसं.

किती रंगवायचं आणि कुठे थांबायचं

पहिला धोका टळल्यावर खरा प्रश्न समोर आला. चित्राची उत्तम रंगीत छायाचित्रं उपलब्ध होती. क्ष-किरण छायाचित्रं होती, म्हणजे वरच्या थराखालच्या रेषाही माहीत होत्या. हर्मिटेजमध्ये रेम्ब्रांटच्या शैलीचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेले लोक होते. मग कुशल हातानं चेहरा, केस, हात पुन्हा रंगवून चित्र 'पहिल्यासारखं' का करू नये? बघायला येणाऱ्या लाखो लोकांना हवं होतं ते हेच.

याच्या उलट टोकाचंही म्हणणं असू शकतं: आता काहीच करू नये. डाग आणि ओघळ तसेच ठेवावेत, झालेल्या विध्वंसाचा पुरावा म्हणून.

या दोन्हींना नकार देताना रशियातल्याच एका जुन्या प्रकरणाची आठवण उपयोगी पडते, म्हणून थोडं विषयांतर करतो. जानेवारी १९१३ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत इल्या रेपिनच्या प्रसिद्ध चित्रावर एका तरुणानं चाकूनं तीन वार केले. झार इव्हाननं रागाच्या भरात मुलावर घाव घातला आहे आणि मरणाऱ्या मुलाला तो छातीशी धरून बसला आहे, असं ते चित्र. वार थेट दोघांच्या चेहऱ्यांवर झाले. गॅलरीचे चित्ररक्षक ख्रुस्लोव यांना हा धक्का सहन झाला नाही, त्यांनी रेल्वेखाली जीव दिला. रेपिन हयात होते. त्यांना बोलावणं गेलं. ते आले आणि इव्हानचा चेहरा त्यांनी नव्यानं रंगवला, पण आताच्या हातानं, आताच्या जांभळट रंगछटेत. मूळ चित्र जवळजवळ तीस वर्षांपूर्वीचं होतं आणि मधल्या काळात चित्रकार बदलला होता. गॅलरीची सूत्रं नुकतीच हाती घेतलेल्या इगोर ग्राबार यांनी तो ओला रंग पुसून काढला आणि संवर्धक बोगोस्लोव्स्की यांच्या मदतीनं फक्त जिथे रंग खरोखर गेला होता तेवढ्याच जागा जलरंगानं भरून घेतल्या. ग्राबार यांनीच पुढे आठवणींत हे सगळं लिहिलं आहे.

ज्यानं चित्र काढलं त्यालाही स्वतःचं चित्र पुन्हा रंगवता आलं नाही, तर तीन शतकांनंतरच्या दुसऱ्या कुणाला ते कसं जमणार? आणि समजा इतकं हुबेहूब जमलं की ओळखूच येणार नाही, तर ते अधिक वाईट. कारण मग समोर उभा असलेला माणूस एका अनोळखी कारागिराच्या ब्रशला रेम्ब्रांटचा ब्रश समजून नमस्कार करणार.

हर्मिटेजच्या गटानं ठरवलं ते असं: रेम्ब्रांटच्या हातचं जे काही उरलं आहे, अगदी कणभर असलं तरी, ते राखायचं. त्यावर नवा रंग चढवायचा नाही. जिथे रंग पूर्ण गेला आहे तिथे आजूबाजूच्या छटांशी जुळतील अशा हलक्या रंगपट्ट्या भरायच्या, म्हणजे बघणाऱ्याची नजर डागावर अडकणार नाही आणि आकृती एकसंध दिसेल. हरवलेलं नव्यानं 'निर्माण' करायचं नाही.

सांगायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली आम्लाचे थिजलेले ओघळ कणाकणानं काढायचे होते, आणि प्रत्येक कणापाशी विचारायचं होतं की खाली शिशाचं सल्फेट आहे, जळलेलं व्हार्निश आहे, की रेम्ब्रांटचा रंग. रेम्ब्रांटच्या रंगकामात जाड थरांवर पातळ, पारदर्शक रंगाचे हात दिलेले असतात. कातडीखाली रक्त वाहतंय असं वाटायला लावतात ते हेच पातळ थर. आम्लाच्या वाटेत ते सगळ्यात आधी येतात. जाड सफेदा काही ठिकाणी टिकला, त्यावरची ऊब गेली. ती ऊब परत रंगवण्याचा मोह किती झाला असेल! दिवसभर त्या चेहऱ्यासमोर बसायचं, जुनं छायाचित्र शेजारी ठेवलेलं, हातात कौशल्य आहे, आणि तरी ब्रश उचलायचा नाही. १२ वर्षांतला मोठा भाग या न करण्यात गेला असेल.

मधल्या काळात बाहेरचं जग बदललं. काम सुरू झालं तेव्हा शहर लेनिनग्राड होतं आणि देश सोव्हिएत संघ. काम संपलं तेव्हा शहर सेंट पीटर्सबर्ग झालं होतं आणि तो देश नकाशावर नव्हता. संग्रहालयाचे संचालक बोरिस पिओत्रोव्स्की १९९० मध्ये वारले, १९९२ पासून त्यांचे पुत्र मिखाईल संचालक झाले. नव्वदीच्या सुरुवातीला रशियातल्या सगळ्याच सार्वजनिक संस्थांचे पैशाचे हाल झाले. त्या धामधुमीत 'लवकर उरका, लोकांना दाखवा' असं म्हणणं सोपं होतं. प्रयोगशाळेनं आपला वेग सोडला नाही. १९९७ मध्ये 'दानाए' पुन्हा लोकांसमोर आली. या वेळी जाड संरक्षक काचेआड.

ती पूर्वीची दानाए आहे का? नाही. १९८५ पूर्वीचं चांगलं पुनर्मुद्रण आणि आजचं छायाचित्र शेजारी ठेवून पाहिलं की फरक कळतो. चेहऱ्याची घडण मऊ, काहीशी पुसट झाली आहे. केसांचा तपशील गेला आहे. उचललेल्या हाताची जिवंत कड पूर्वीसारखी धारदार नाही. अंगावरचा उजेड थोडा थंडावला आहे. कुणी म्हणतं, मग आता ते रेम्ब्रांटचं राहिलंच नाही. मला हे मान्य नाही. पडदा, म्हातारी दासी, रडणारा क्युपिड, पलंगाचं कोरीव काम, उशा, यांवर आम्लाचा मुख्य मारा झाला नव्हता. दानाएच्या शरीरावरही जे काही आहे त्यात कुणी खोटेपणा केलेला नाही. जखम दिसते, पण जे दिसतं ते खरं आहे.

तेच आम्ल, दुसरं शहर

या प्रकरणाची दुसरी बाजू कळायला ६ एप्रिल १९९० ला ॲम्स्टरडॅममध्ये काय घडलं ते पाहावं लागतं. राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटच्याच 'रात्रीचा पहारा' या चित्रावर एका माणसानं लपवून आणलेल्या फवारणीच्या बाटलीतून आम्ल मारलं. सुरक्षारक्षकांनी त्याला आवरलं आणि चित्रावर ताबडतोब पाणी मारलं गेलं. आम्ल व्हार्निशच्या थरातच अडकलं, खालच्या रंगापर्यंत पोचलं नाही. चित्र पूर्ण दुरुस्त झालं.

चित्रकार तोच, हत्यार त्याच जातीचं, निकाल पूर्णपणे वेगळा. आम्लाचं प्रमाण आणि फेकण्याची पद्धत यांत फरक होता हे खरं. पण ॲम्स्टरडॅमच्या या चित्रानं आधीही मार खाल्ला होता. १९११ मध्ये चाकू, १९७५ मध्ये पुन्हा चाकू, आणि दुसऱ्या खेपेला तर कापड अनेक ठिकाणी फाटलं होतं. आम्लाचा धोकाही युरोपातल्या संग्रहालयांना नवा नव्हता. १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीत एकाच माणसानं अनेक शहरांत चित्रांवर आम्ल फेकलं होतं, त्यात कासेलमधलं रेम्ब्रांटचं 'याकोबाचा आशीर्वाद' होतं. त्याच माणसानं सुटका झाल्यावर १९८८ मध्ये म्युनिकमध्ये ड्यूररची चित्रं गाठली. म्हणजे 'दानाए'वर हल्ला झाला त्याच्या आठ वर्षं आधी, ज्या चित्रकाराच्या चित्रांनी हर्मिटेजचं एक अख्खं दालन भरलं होतं, त्याच्याच चित्रावर हेच घडून गेलेलं होतं.

यातून मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की पाणी टाकायचं की नाही हा प्रश्न हल्ल्याच्या दिवशी विचारला गेला. तो आदल्या दिवशी सुटलेला असायला हवा होता. दालनात उभ्या असलेल्या, सगळ्यात कमी पगार मिळणाऱ्या माणसाला, संचालकाची वाट न पाहता, काय करायचं ते माहीत असायला हवं. हल्ल्यानंतर चित्राचं नशीब ठरवणारी पहिली व्यक्ती कलेतिहासकार नसते. ती दालनातली पहारेकरी असते.

काचेचं काय? काच लावायला अनेक चांगल्या संग्रहपालांचा मनापासून विरोध असतो आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. काचेत खिडकीचं प्रतिबिंब पडतं, रंगाच्या थराचा उठाव हरवतो, बघणारा आणि चित्र यांच्यात तिसरं काहीतरी येतं. तरीही मी काचेच्या बाजूचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉखच्या 'सूर्यफुलां'वर हवामानबदलाच्या प्रश्नावर लढणाऱ्या आंदोलकांनी टोमॅटो सूप फेकलं, तेव्हा चौकटीला इजा झाली, चित्र मात्र काचेमुळे सुखरूप राहिलं. अर्थात काच म्हणजे सगळं नाही. रेपिनच्या त्याच चित्रावर मे २०१८ मध्ये पुन्हा हल्ला झाला. एका माणसानं गर्दी अडवायला लावलेला धातूचा खांब उचलून काचेवर हाणला. काच फुटली आणि कापड फाटलं. चित्रापासून लोकांना दूर ठेवण्यासाठी आणलेली वस्तूच हत्यार झाली. त्यामुळे काच कोणत्या प्रतीची आणि तिच्या आवाक्यात काय काय ठेवलं आहे, या दोन्हीचा विचार एकत्र व्हायला हवा.

हे वाचताना आपल्याकडच्या संग्रहांचा विचार मनात येणं साहजिक आहे. साताऱ्याजवळच्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची तैलचित्रं आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात युरोपीय तैलचित्रंही आहेत आणि संवर्धनाची स्वतःची प्रयोगशाळा आहे. तेल, कापड आणि सफेदा यांचं रसायन औंधमध्ये वेगळं वागत नाही. लहान गावातल्या संग्रहालयाला बुलेटप्रूफ काचेचा खर्च झेपणार नाही हे उघड आहे. पण काही गोष्टींना पैसे जवळजवळ लागत नाहीत. दालनापासून जवळचा नळ कुठे आहे हे प्रत्येक पहारेकऱ्याला माहीत असणं. चित्र भिंतीवरून किती जणांनी, कसं उतरवायचं याचा वर्षातून एकदा सराव. संवर्धकाचा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या कुलपात नव्हे, तर दालनातच लिहिलेला. आणि प्रत्येक महत्त्वाच्या चित्राची बारकाव्यांसह काढलेली रंगीत छायाचित्रं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. हर्मिटेजकडे छायाचित्रं आणि क्ष-किरण प्रतिमा आधीपासून होत्या म्हणूनच गेरासिमोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काय गेलं आहे आणि काय उरलं आहे हे ठरवता आलं.

आणखी एक अपेक्षा मी ठेवेन, आणि ती ज्या ज्या संग्रहालयात असं जखमी चित्र टांगलेलं आहे त्या सगळ्यांकडून. चित्राशेजारी हल्ल्याआधीचं छायाचित्र असावं, हल्ल्यानंतर लगेचचं असावं, आणि कोणत्या भागात आता संवर्धकाचा रंग आहे ते रेषेनं दाखवलेलं असावं. तसं केलं की लोक चित्र बघायचं सोडून जखम बघत बसतील अशी भीती काही जण व्यक्त करतात. मला ती खरी वाटत नाही. 'दानाए'समोर उभ्या राहणाऱ्याला जर सांगितलं की चेहऱ्याचा हा भाग पूर्वीसारखा नाही, पण मागच्या म्हातारीच्या हातातल्या किल्ल्यांपाशी पाहा, पडद्याच्या घडीत पाहा, इथे रेम्ब्रांटचा हात तसाच आहे, तर तो पुढे सरकून त्या किल्ल्या नीट पाहील.